एअर इंडिया बिल्डिंग सरकारने विकत का घेतली? जागा तर आधीपासून सरकारचीच होती ना?

कर्वेरोडकर

मंडळी, एक प्रश्न आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या कट्ट्यावर काही केल्या सुटत नाहीये म्हणून इथे टाकतोय. नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग राज्य सरकारने १६०१ कोटींना घेतली हे सगळ्यांनी वाचलंच असेल. आमच्यातले एक काका म्हणतात ती जमीन मुळात राज्याचीच, म्हणजे आपल्याच अंगणातलं घर आपण पैसे मोजून घेतलं, वर ते पन्नास वर्षं जुनं. दुसरे काका म्हणतात नरिमन पॉइंटला त्या पैशात आख्खी बिल्डिंग म्हणजे लॉटरी लागली. दोघंही रिटायर्ड, दोघंही हटायला तयार नाहीत, आणि रात्री साडेदहाला वॉचमन लाइट बंद करतो तेव्हा कुठे थांबतात.

मला त्या निमित्ताने बिल्डिंगचाच इतिहास हवाय. कोणी बांधली, कधी बांधली, अमेरिकन आर्किटेक्ट होता म्हणतात ते खरं का, आणि खाली खरंच समुद्र होता का? शोधलं तर ऑफिस भाड्याने मिळेल अशा जाहिरातीच येतात. जाणकारांनी लिहा. नुसत्या लिंका फेकू नका कृपया, दोन ओळी का होईना स्वतः लिहा.

मुठेकाठचा

खाली समुद्रच होता. आणि गोष्ट बिल्डिंगपासून सुरू केली तर तुमच्या पहिल्या काकांचा मुद्दाच कळणार नाही, म्हणून जमिनीपासून सांगतो, जरा लांबेल.

बॅकबे म्हणजे कुलाबा ते चौपाटीमधला समुद्राचा बाक, तो बुजवायचा पहिला उद्योग १८६० च्या दशकातला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा नुसता उतू चालला होता. प्रेमचंद रायचंद वगैरे बड्या मंडळींच्या त्या काळात बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली आणि तिचे शेअर कुठच्या कुठे गेले. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस आपटला, कंपनी बुडाली आणि समुद्र जवळपास होता तिथेच राहिला.

दुसरा प्रयोग १९२० च्या दशकात, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा. कुलाबा ते चौपाटी ११४५ एकर समुद्र भरून काढायचा, त्याचे आठ ब्लॉक पाडलेले. पद्धत अशी की आधी समुद्रात भिंत घालायची, मग बंदरातला चिखल ड्रेजरने उपसून पाइपातून भिंतीच्या आत सोडायचा. ड्रेजरलासुद्धा साहेबांचंच नाव! झालं काय की भिंत गळायला लागली, आत सोडलेला चिखल परत समुद्रात जायला लागला आणि खर्चाचा अंदाज पार कोलमडला. मुंबईकरांनी त्याला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणायला सुरुवात केली. खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाचे वकील, काँग्रेसचे पुढारी, ह्या कारभाराच्या हात धुऊन मागे लागले. डेव्हलपमेंट खात्यातल्या हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. नरिमन पॉइंटचे नरिमन ते हेच, म्हणजे ज्या भरावाची त्यांनी लक्तरं काढली त्याच्याच टोकाला त्यांचं नाव.

आठातले चारच ब्लॉक तेव्हा पुरे झाले. मरीन ड्राइव्ह आणि त्यामागची ती गोल बाल्कन्यांची घरं उभी आहेत ती त्यातल्या दोन ब्लॉकवर. मधला भाग स्वातंत्र्यानंतर भरला, नरिमन पॉइंट आणि कफ परेडचा नवा भाग त्यातलाच. म्हणजे ही जमीन कोणा शेठजीची नव्हती, वतनाची नव्हती, थेट सरकारच्या हातात आलेली. सरकारने प्लॉट पाडून भाडेपट्ट्याने दिले. तेव्हा काका नंबर एक जमिनीपुरते बरोबर आहेत. बिल्डिंग मात्र एअर इंडियाने स्वतःची बांधली, पुरी झाली १९७४ ला.

चौकट_दार

मी आर्किटेक्ट आहे, ऑफिस भांडारकर रोडला. अमेरिकन आर्किटेक्टचं खरंय. न्यूयॉर्कची जॉन्सन-बर्जी नावाची फर्म, त्यातल्या जॉन बर्जीचं काम. पार्टनर फिलिप जॉन्सन म्हणजे त्या काळातला अमेरिकेतला मोठा माणूस. ह्याच जोडीने नंतर न्यूयॉर्कला एटी अँड टी ची बिल्डिंग केली, १९८४ ला, जिच्या माथ्यावर जुन्या कपाटासारखी नक्षी आहे आणि जिच्यावरून जगभरच्या आर्किटेक्टांनी एकमेकांची डोकी फोडली. आमच्या कॉलेजात सरांनी त्या बिल्डिंगवर लेक्चरच्या लेक्चर घेतली, पण त्याच फर्मचं एक काम डेक्कन क्वीनने साडेतीन तासाच्या आत बघून येता येतं हे एकदाही सांगितलं नाही.

खरं तर एक नाही, दोन. नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नावाच्या कलाकेंद्रात टाटा थिएटर आहे, १९८० चं, ते फिलिप जॉन्सनचं, आतल्या ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी बघितली. मंडळींनो, गाणं ऐकायला जाता तेव्हा जरा वर मान करून छतही बघत जा.

आता माझं मत. नुसतं डिझाइन बघाल तर एअर इंडिया बिल्डिंग काही थोर नाही. तेवीस मजल्यांचा पांढरट उभा ठोकळा, सत्तरच्या दशकात जगात कुठल्याही शहरात शोभला असता असा. शेजारचं एक्स्प्रेस टॉवर्स मला जास्त आवडतं. ते जोसेफ अॅलन स्टाइन यांचं, तेही अमेरिकन, पण हा माणूस भारतात येऊन इथलाच झाला, दिल्लीचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांचंच. ऊन वारा बघून काम करायचे. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती एअर इंडिया, कारण जागा आणि माथ्यावरची ती पाटी. मरीन ड्राइव्हची सगळी कमान चालून आलात की बरोबर टोकाला तो धनुष्य ताणलेला सेंटॉर, अर्धा घोडा अर्धा माणूस. इतकी मोक्याची जाहिरात दुसऱ्या कुठल्या कंपनीला मिळाली असेल असं वाटत नाही.

आणि तो काळही लक्षात घ्या. एअर इंडियाचं पहिलं जंबो विमान, सम्राट अशोक, १९७१ ला आलं. चेअरमन जेआरडी टाटा. फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना द्यायला १९६७ ला साल्वादोर दालीकडून अॅशट्रे करून घेतले होते आणि त्याने मानधन म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं तर कंपनीने खरोखर इथून विमानाने पाठवलं! अशी कंपनी आपलं हेडऑफिस काय एखाद्या गल्लीत बांधणार होती? हुसेन, गायतोंडे, रझा यांची चित्रं जमवलेली होती, तो संग्रहही ह्याच बिल्डिंगमध्ये असायचा.

उतरती कळा मात्र लगेचच लागली असं म्हणावं लागेल. १ जानेवारी १९७८ ला तेच सम्राट अशोक वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. पुढच्याच महिन्यात मोरारजींच्या सरकारने जेआरडींना चेअरमनपदावरून काढलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावला जातो तो मला पटत नाही, मोरारजी आणि जेआरडींचं तसंही फारसं जमत नव्हतं. पण बिल्डिंग पुरी होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती एवढं खरं.

क्वीन_पासधारक

आम्ही पुण्याच्या सेंट्रल बिल्डिंगमधल्या सरकारी ऑफिसातले, आता पेन्शनवर. नोकरीत असताना फाइली घेऊन मंत्रालयात जायची पाळी यायची. सव्वासातची डेक्कन क्वीन, व्हीटीला उतरायचं, शेअर टॅक्सीत चौघं दाटीवाटीने बसायचो आणि मांडीवर लाल फडक्यात बांधलेला बस्ता. साहेब जेवायला गेले की तास दीड तास काही काम नसायचं. मग चालत चालत समुद्राकडे.

एअर इंडियाच्या तळमजल्यावर बुकिंग ऑफिस होतं. आम्हाला कुठे विमानात बसायचं होतं, पण आत एसी इतका गार असायचा की मे महिन्यात घामाने चिकटलेला शर्ट दोन मिनिटात अंगापासून सुटायचा. कोणी हटकू नये म्हणून आम्ही काउंटरवरचं टाइमटेबलचं पुस्तक उघडून उभे राहायचो. मुंबई - लंडन - न्यूयॉर्क, वार आणि वेळा, बारीक टाइपात. बाजूच्या बाकांवर आखातात निघालेली माणसं परतीचं तिकीट रीकन्फर्म करायला आलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट. आमच्या बरोबरचे एक हेडक्लार्क ते टाइमटेबल दरवेळी घरी घेऊन यायचे आणि मुलांना भूगोल शिकवायचे त्यावरून. मुलगा आता सिएटलला असतो त्यांचा, असो.

विषय सरकारने का घेतली हा आहे तर माझं म्हणणं असं की २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसं गेली, ती घटना धरल्याशिवाय हे कळणार नाही. मंत्रालयाची इमारत १९५५ ची, तेव्हा सचिवालय म्हणायचे, आणि त्यानंतर खाती किती वाढली, कर्मचारी किती वाढले. आगीच्या आधीपासून जागा पुरत नव्हती. आगीनंतर काही खाती इकडे तिकडे गेली. आता एक टिपणी एका इमारतीत, सही करणारा दुसऱ्या इमारतीत, आवक-जावक तिसरीकडे असं झालं की पुण्याहून गेलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो. मंत्रालयापासून पायी पाच-दहा मिनिटांवर आख्खी इमारत मिळत असेल तर घेणारच. मी साहेब असतो तर मीही घेतली असती.

नळस्टॉप

काका मस्त लिहिलंय. क्वीनचा बस्ता आणि एसीचा किस्सा वाचून मजा आली :)

ओंकारेश्वर_पूल

इतिहास म्हणताय तर १२ मार्च १९९३ कोणी लिहिलंच नाही. दुपारी दीडला शेअर बाजारात पहिला स्फोट झाला, आणि साधारण तासाभराने एअर इंडिया बिल्डिंगच्या आवारात, उभ्या गाडीत ठेवलेला. तिथे २० माणसं गेली, मुंबईभरात २५७. इमारतीतल्या एका बँकेच्या शाखेची पार दैना झाली होती. तेव्हा फोन लागत नव्हते आणि मुंबईत नोकरीला असणाऱ्यांच्या घरची माणसं संध्याकाळी पुणे स्टेशनवर येणाऱ्या गाड्यांची वाट बघत उभी होती. इमारत पडली नाही, दुरुस्त होऊन चालू झाली.

जमाखर्च

धंद्याने सीए, त्यामुळे आकड्यांपुरतं बोलतो. दोन्ही काका अर्धे अर्धे बरोबर आहेत.

आधी हे की एअर इंडिया टाटांना विकली तेव्हा ही बिल्डिंग त्या व्यवहारात नव्हती. बऱ्याच लोकांना वाटतं टाटांनी विकली, तसं नाही. केंद्राने कंपनी विकायच्या आधी जमिनी, इमारती आणि कर्जाचा मोठा भाग एका वेगळ्या सरकारी कंपनीत काढून ठेवला, तिचं नाव एअर इंडिया अॅसेट्स होल्डिंग. विमानं आणि धंदा टाटांकडे गेला जानेवारी २०२२ ला, बिल्डिंग ह्या होल्डिंग कंपनीकडे राहिली. म्हणजे विकणारं केंद्र, घेणारं राज्य. पैसा एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात गेला, पण खिसे वेगळे आहेत हे विसरू नका, राज्याच्या खिशात तुमचा आमचा व्हॅट आणि स्टॅम्प ड्युटी आहे.

तसंही एअर इंडियाचं हेडऑफिस २०१३ ला दिल्लीला गेलं. त्याच्या थोडं आधीपासून मजले भाड्याने द्यायला लागले होते, स्टेट बँक, टीसीएस असे भाडेकरू होते. तोट्यातल्या विमान कंपनीची भाड्यावर चाललेली बिल्डिंग अशी अवस्था. विकायचं ठरलं तेव्हा २०१८ च्या सुमाराला जेएनपीटी (न्हावाशेवा बंदरवाले), एलआयसी आणि राज्य सरकार हे तिघं शर्यतीत होते, राज्याची बोली १४०० कोटींची, तीच सगळ्यात वरची, पण केंद्राला जास्त हवे होते म्हणून अडलं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने १६०१ कोटींना मान्यता दिली आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने हो म्हटलं.

आता भाव काढू. जागा ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे ढोबळ पाच लाख चौरस फूट. १६०१ कोटी भागिले पाच लाख, फुटाला साधारण ३२ हजार रुपये.  मरीन ड्राइव्हच्या टोकाला ३२ हजार म्हणजे वरवर स्वस्तच.

पण थांबा. जमीन राज्याचीच असल्यामुळे राज्याने जमिनीचे पैसे द्यायचा प्रश्न यायलाच नको होता, विकत घेतलं ते बांधकाम आणि पट्ट्याचा उरलेला हक्क. शिवाय होल्डिंग कंपनीकडून राज्याला अनर्जित उत्पन्न आणि त्यावरचं व्याज मिळून २९८.४२ कोटी येणं होतं. सरकारी पट्ट्याची जमीन हस्तांतरित होताना किंवा तिचा वापर बदलताना वाढलेल्या किमतीतला वाटा सरकार घेतं त्याला अनर्जित उत्पन्न म्हणतात, तलाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेल्यांना माहिती असेल. ते राज्याने सोडून दिलं. म्हणजे राज्याच्या बाजूने बघितलं तर खरा खर्च १८९९ कोटींच्या वर जातो आणि फुटाचा भाव ३२ वरून ३८ हजारावर. कट्ट्यावर हा आकडा सांगा, पहिले काका खूष होतील.

कर्वेरोडकर

जमाखर्च साहेब, २९८ कोटींचं काहीच माहिती नव्हतं, आज रात्री स्फोट होणार कट्ट्यावर. पण माझा शेवटचा प्रश्न राहिलाच, पन्नास वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली इमारत अजून किती टिकेल? आमची सोसायटी नव्वदची आणि आत्ताच पार्किंगचे कॉलम सोलवटलेत, ते तर कोथरूडमध्ये.

सळई_बारा_एमएम

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ही बिल्डिंग मी तपासलेली नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगतो. भरावाच्या जमिनीवर बिल्डिंग कशी उभी राहते हे लोक विचारतात, तर अशी उंच बिल्डिंग भरावावर टेकलेली नसते, पाया भरावातून खाली पक्क्या खडकापर्यंत नेतात. पायाची भीती कमी. भीती असते ती वरच्या बाहेरच्या अंगाची. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून ढकलतो आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून पडतं. तुमच्या पार्किंगचे कॉलम सोलवटलेत त्याचंही कारण बहुधा गंजच, फक्त तिथे मिठाऐवजी गळका ड्रेनेज पाइप असेल, आधी तो बघा. बादली ठेवून भागत नाही.

सत्तरच्या दशकात आजच्यासारखी जाड कव्हरं आणि घट्ट काँक्रीट देत नव्हते. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्याने लागतंच, तेव्हा घेताना ते कुठे तरी असणार. पडझड होणारी गोष्ट नाही ही, वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर अजून कित्येक वर्षं काढेल. पण त्या दुरुस्तीचा, नवीन लिफ्ट, वायरिंग, आग विझवायची यंत्रणा ह्या सगळ्याचा खर्च जमाखर्चांच्या ३८ हजारात धरलेला नाही. मंत्रालयाची आग आठवत असेल तर आगीच्या यंत्रणेवर कंजूषी करून चालणार नाही.

जमाखर्च

बरोबर, तो धरलेला नाही. आणि समोरच्या बाजूला वाचणारं भाडंही धरलेलं नाही. दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय महाग का स्वस्त हे कोणीच छातीठोकपणे सांगू नये, काका असोत नाहीतर मंत्री.

कर्वेरोडकर

मग माहिती अधिकारात अर्ज टाकू का? ऑडिट रिपोर्ट, दुरुस्तीचा अंदाजित खर्च आणि कुठली कुठली खाती तिथे हलवणार. सार्वजनिक बांधकामला टाकू का सामान्य प्रशासनला?

क्वीन_पासधारक

एका अर्जात सगळं कोंबू नका. आपल्या राज्याचा नियम एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ऑडिट आणि दुरुस्तीचा खर्च बांधकामकडे एक अर्ज, कुठली खाती जाणार तो सामान्य प्रशासनकडे दुसरा. दोन्हीवर दहा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. खातं चुकलं म्हणून परत पाठवला तर घेऊ नका, कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. आणि पोस्टाने टाका, आवकला स्वतः जाऊन देण्यात क्वीनचं तिकीट कशाला घालवता.